पहिल्या हाकेला ओ

३ जून, सोमवार
आजपासून पुसदला नोकरी. या वयात! शेत आता माझा मुलगा प्रेम पाहतो. त्यानंच मला डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्यात लावून दिलं. खुर्ची आहे, पंखा आहे, दुपारी चहा. ही औषध कंपनीची डायरीसुद्धा साहेबांनीच दिली. काम सोपं. नर्स वर्षाबाई आतून खिडकीतून नाव सांगते, मी बाकड्यांवरच्या लोकांना हाक मारतो. शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून बैलांना हाकारायचा आवाज इथं कामी आला. वर्षाबाई हसून म्हणाली, बाबूसिंगकाका, हळू, पेशंट बहिरे नाहीत.

६ जून
आमच्या तांड्यातले लोक हाक ऐकून बसूनच राहतात. तांड्यात पहिल्या हाकेला कोणी ओ देत नाही. ती माणसाचीच असेल असं नाही. दुसरी आली की उठायचं. पण साहेब चिडले, एकदाच पुकारा म्हणाले. मी सगळ्यांना बजावलं, इथं पहिल्याच हाकेला उठायचं. आमच्या शेजारची म्हातारी मानीबाई म्हणाली, "काहून रे बाबू, शयरात आला अन् सायब झाला काय?" सगळे हसले, मीही हसलो. परतताना बसमध्ये वाईट वाटलं. सगळीकडे पेरणीची घाई, आणि मी नावं पुकारतो.

१२ जून
आज मानीबाईला हाक मारली. पहिल्याच हाकेला उठली, दाराशी चपला काढून आत गेली. मग वर्षाबाई विचारते, धुरपताबाईला का पाठवलं नाही? मानीबाईचं नाव तिनं घेतलंच नव्हतं. आत कोणी आलंही नव्हतं. खोलीला दुसरं दार नाही. चपला मात्र दाराशीच.
मग मी ऐकलं काय? शेतात माझं असं कधी चुकलं नाही. ही खुर्ची माझी नव्हे.

१३ जून
मानीबाई गेली. काल दुपारी, घरीच, खाटेवर. तिची सून सांगते, पडल्या पडल्या एकदम "ओ, आली" म्हणाली आणि मान टाकली. कोणी हाक मारली नव्हती. घरात तिच्या चपला सापडत नाहीत.

१५ जून
नोकरी सोडतो म्हटलं. प्रेम म्हणाला, "बा, नवं काम हाय, जमन हळूहळू. कायले मनावर घेता?" असेल. माझाच मला भरवसा नाही. आता प्रत्येक नाव वर्षाबाईला पुन्हा विचारतो, ती वैतागते. आज विचारायला वळलो तर खिडकीत कोणी नव्हतं. ती चहाला गेली होती. नाव तर आलं होतं. आवाज ओळखीचा —

१८ जून
पुकारत नाही. नुसता लिहीत बसलो आहे. आतून नावं येतच आहेत. आवाज ओळखला. धुऱ्यावरचा. माझाच.

दुपार
माझं नाव आलं. एकदाच.
दुसरी हाक येऊ दे. येत नाही —
लोक बघताहेत. त्यांनीही ऐकलं. धुरपताबाई हसते, "उठा न भाऊ. पयल्याच हाकेले उठा लागते, तुमीच सांगता न —"
उठणार नाही. तोंडावर हात दाबला आहे. तरी घशातून वर येतं आहे — ओ