मंजुषाची हळद आणि माझा सोलर

शिरड शहापूर,
मंगळवार, भर दुपार

तीर्थस्वरूप मनकर्णाअक्कास, धाकट्या संतरामचा साष्टांग नमस्कार. (या वेळी खरोखरच आडवा पडलो आहे असं समज, तोंड दाखवायला जागा उरलेली नाही.) दाजींचा गुडघा कसा आहे? पत्र वाचताना ते जवळ असतील तर त्यांना आधी चहाला बाहेर पाठव. फोन का नाही केलास, म्हणशील. तीनदा केला. तिन्हीदा तू "बोल" म्हणालीस आणि मी "काही न्हाई, सहज" म्हणून ठेवून दिला.

मोगऱ्यासाठी मी सोलरचे फवारे बसवलेत, हे तुला ठाऊक आहेच. (कुणाला नाही? रस्त्याने जाणाऱ्यालाही थांबवून दाखवलेत.) एक प्लेट, छोटी मोटर, पाण्याचा ड्रम आणि बारीक नळ्या. बॅटरी नाही, बटण नाही. ऊन पडलं की धुक्यासारखं पाणी सुटतं, ऊन गेलं की बंद. हे वाक्य मी गावभर म्हणत फिरलो, पण त्याचा अर्थ माझ्याच डोक्यात शिरला नाही.

तुमच्याकडे रंगकाम चाललेलं, म्हणून तुझ्या मंजुषाच्या लग्नासाठी बाजूला काढलेली, शिजवलेली हळद तू विश्वासाने माझ्याकडे वाळवायला पाठवलीस. पद्मा माहेरी गेलेली. मी अंगणातली सगळ्यात उन्हाची जागा शोधली आणि ती अर्थातच प्लेटजवळची निघाली (प्लेटसाठीही मीच शोधली होती). सकाळी हळद पसरून शेतात गेलो, दिवेलागणीला येऊन बघतो तर ओली! दुसऱ्या दिवशी, ऊन कमी पडतंय असं ठरवून कडुलिंबाची फांदी तोडली. हळद आणखी ओली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या जिवनबाईंवर संशय घेतला. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "मी काहून पाणी टाकू, भाऊ? माझ्या घरी प्यायला न्हाई." तरी चौथ्या दिवशी शेत सोडून दाराआड पाळत ठेवून बसलो. नेमकं दिवसभर आभाळ होतं. एक थेंब पडला नाही. मी घरी आहे म्हणून बाई घाबरल्या, असं समजून त्यांना भर गल्लीत नाही नाही ते बोललो. पाचव्या दिवशी सकाळी पद्मा आली. मी डब्यासाठी थांबलो होतो. ऊन चढलं, फवारा सुटला आणि वारा ते सगळं पाणी उचलून हळदीवर घालू लागला. पद्मा म्हणाली, "अवं, तुमचं ऊनच हळद भिजवून राहिलं!"

मी जिवनबाईंची माफी मागून आलो. त्यांनी चहा पाजला, तो जास्त झोंबला.

हळद काळी पडली, बुरशी धरली. पण अक्का, खरी लाज पुढेच आहे. मी वसमतच्या बाजारातून दुसरी हळद आणली, दळली आणि तुझ्या भागवतच्या हाती 'तुझीच' म्हणून पाठवून दिली. तू फोनवर म्हणालीस, "आपल्या रानाचा रंगच येगळा, संतराम!" मी "व्हय" म्हणालो. तू ती हळद गल्लीभर दाखवलीस म्हणे. मला अन्न गोड लागत नाही.

तुझा भाऊ म्हणवून घ्यायला शरमलेला,
संतराम

ता. क. सोबत एक पुरचुंडी आहे. पद्माने ढिगाच्या तळातून पसाभर चांगली हळकुंडं निवडली, पत्र्यावर वाळवली आणि घरच्या जात्यावर दळली. ही खरोखर तुझ्या रानची. मंजुषाला पहिलं बोट हिचं लाव. बाजारची दाजींच्या भाऊबंदांना पुरेल.

ता. क. दुसरा. अंतरपाट धरला की मंजुषाच्या पाठीशी मामा लागतो. मला तिथे उभं राहू देशील का? नाही म्हणालीस तर पंगतीत पाणी वाढीन. (त्यातला माझा हात तुला आता कळलाच आहे.) मांडवात गारव्याला फवारे बसवून देतो म्हणालो होतो, ते मात्र विसर.

ता. क. शेवटचा. मंजुषाला यातलं काही सांगू नकोस. हा सोलर मला मोबाईलवर तिनेच दाखवला होता. मी म्हणालो, मला कुठलं जमतंय? तर पोरगी म्हणाली, "मामा, तुमाला न्हाई जमणार तर कुणाला?"