एका अर्जाचे तीन निकाल

३ जानेवारी

पुन्हा ‘क’! वर्षभर मान मोडून काम केलं आणि अहवालात शेरा काय, तर ‘कामाचा वेग कमी’. ‘अ’ मिळाल्याशिवाय बदलीचा अर्ज पुढे सरकत नाही. म्हणजे आणखी एक वर्ष लेक आणि नवरा सासूबाईंकडे, आठ तासांवर, आणि मी इथे भाड्याच्या खोलीत.

साहेब म्हणाले, “बाई, तुम्ही काम चांगलं करता हो. पण ते आकड्यात दिसायला नको का?”

९ जानेवारी

आज शेजारच्या टेबलावर नीट लक्ष ठेवलं. त्याला सगळे ‘विमान’ म्हणतात – कागद आला की उडालाच! महिन्याला तीनशे अर्ज निकाली. माझे नव्वद.

अपंगत्वाच्या दाखल्याचा अर्ज मी पूर्ण वाचते. काय काय कमी आहे ते एकदाच सांगते, अडलं तर डॉक्टरांना फोन करते, मग दाखला हातात. एक अर्ज, एक निकाल. विमान एकच त्रुटी काढून परत पाठवतो. परत पाठवला तरी तो ‘निकाली’च! माणूस दुरुस्त करून आणतो, तो नवा अर्ज. मग दुसरी त्रुटी.

“सगळं एकदम सांगायचं नाही, ताई. आपल्याच पायावर धोंडा कशाला मारून घ्यायचा?” वर दात काढून हसला. मेल्याला लाज नाही.

१० जानेवारी

मी नाही असलं करणार.

२ फेब्रुवारी

लेकीचा पहिला दात पडला. फोनवर कळलं. “आई, तू येशील तेव्हा नवा आलेला असेल.” सहा वर्षांची पोर, तक्रारही करत नाही. दिवसभर कशात लक्ष लागलं नाही.

निघण्याआधी एक अर्ज परत केला. फोटोत उजवा कान दिसत नाही म्हणून. सोपं होतं.

१७ मे

एप्रिलचे दोनशे ऐंशी!

शिपाईकाका म्हणाले, “ताई, हल्ली तुमच्यासमोर कुणी फार वेळ बसतच नाही.” कौतुक होतं की टोमणा, कळलं नाही. विचारलंही नाही.

२२ ऑगस्ट

कुबड्यांवर चालणारी एक शिवणकामवाली आजी आज तिसऱ्यांदा दोन मजले चढून आली. लिफ्ट बंद. दाखला मिळाला तर तिला दवाखान्यातून चाकाची खुर्ची मिळणार आहे. पहिल्यांदा फोटो, मग पत्ता, आज डॉक्टरांचा शिक्का पुसट. तिन्ही गोष्टी मला पहिल्याच दिवशी दिसल्या होत्या.

“बाई, हे तेव्हाच सांगितलं असतंत तर?” चिडली नाही. नुसतं विचारलं.

“नियम आहे, आजी.”

कुठला नियम! खाली जाताना ती एकेका पायरीवर बसत बसत उतरली. मी जिन्याशी उभी राहून पाहिलं, आणि जागेवर येऊन तिचा तिसरा निकाल लिहिला. थू माझ्यावर.

२३ ऑगस्ट

तिला निरोप पाठवायला हवा होता – पुन्हा चढू नका, शिक्क्याचं मी डॉक्टरांशी बोलते. पाठवला नाही. महिन्याचे आकडे द्यायचे होते.

५ जानेवारी

‘अ’!! साहेबांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं. विमानने टाळीसाठी हात पुढे केला, मीही दिली.

लेकीला फोन केला – “सामान बांधायला घेते गं!” ती अशी किंचाळली की सासूबाई धावत आल्या. नवरा म्हणाला, “अगं, हुकूम हातात तर येऊ दे.” याला आनंद म्हणून पचत नाही.

२८ जानेवारी

बदलीचा अर्ज परत आला. साहेबांच्याच अक्षरात शेरा – ‘अत्यंत कार्यक्षम कर्मचारी. कार्यालयातून सोडणे शक्य नाही.’

लेकीला अजून सांगितलेलं नाही.