दोन उन्हाळ्यांच्या नोंदी

प्रिय ठमे,

फोनवर हे सांगायला गेलो की माझी बोबडी वळते, म्हणून लिहितोय. तुझी आई म्हणते, आधी जेवून घ्या. म्हटलं, आधी हे लिहून होऊ दे.

तू प्राणीशास्त्र शिकायला गेलीस तेव्हा माझ्या हातात वही दिलीस. उन्हाळ्यात रोज संध्याकाळी धक्क्याच्या टोकाला बसायचं आणि खाडीच्या तोंडाशी जे दिसेल ते लिहायचं: बगळे किती, डॉल्फिन किती, पाणमांजरं किती. जन्मभर बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस मी, मला कसली हौस! पण पहिल्याच उन्हाळ्यात पाणमांजरं दिसली, आई आणि दोन पिल्लं. धाकटं मासा पकडायचं, सोडून द्यायचं आणि वर आईकडेच रागाने बघायचं. मी वेडाच झालो. तुला सांगितलं तर तू अर्धा तास बोलत होतीस. एरवी गोळ्या घेतल्या का विचारलंस की संपला आपला फोन.

पुढच्या वर्षी शेजारी नवा धक्का झाला. दिवे, भोंगे, पाण्यावर डिझेलचा तवंग. महिनाभर बसलो, एक शेपूट दिसेल तर शपथ! तू विचारलंस आणि माझ्या तोंडून निघून गेलं, तिघंही दिसली. तू इतकी खूश झालीस की ते वहीत उतरवणं भाग पडलं. मग सोकावलो. दोन उन्हाळे घरात पंख्याखाली बसून पाणमांजरं लिहिली. एकाच्या कानाला जखमसुद्धा केली मी मेल्याने, आणि तू आठवडाभर त्याची चौकशी करत होतीस.

काल तू बंदर खात्यासाठी लिहिलेला अहवाल आला. पहिल्या पानावर माझे आभार. आई ते शेजारणीला वाचून दाखवत होती आणि मी बाथरूममध्ये नळ सोडून उभा होतो. लाज वाटली गं, फार लाज वाटली. आत तू लिहिलंयस, नव्या धक्क्यामुळे पाणमांजरांना काही त्रास नाही, वडिलांच्या नोंदी पाहा.

त्याच अहवालावर सोमवारी तसल्याच आणखी एका धक्क्याला परवानगी मिळणार आहे. तो झाला तर ती परत यायची नाहीत. म्हणून त्याआधी अहवाल मागे घे. खोट्या नोंदींवर लाल फुल्या मारून वही सोबत पाठवतोय. तुझी नाचक्की होईल. खुशाल माझं नाव सांग, सगळं खापर माझ्यावर फोड. आणि यापुढे फोन केला नाहीस तरी चालेल. चालणार नाही खरं तर, पण तक्रार करणार नाही.

तुझाच,
खोटारडा बाबा