खडूने लिहिलेलं नाव

लिपोव्हात्स,
१७ सप्टेंबर, रविवार

प्रिय दादा,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. कबरींचे दगड करणाऱ्या घरातून पत्र आलं की लोक आधी तेच विचारतात. मी ठणठणीत, बाबाही ठणठणीत, गुडघा सोडून. तू तिकडे ग्राझमध्ये फरशा बसवता बसवता कंबर सांभाळत असशीलच. फोनवर तू "बरं, ठीक" म्हणून ठेवून देतोस, म्हणून कागद घेतला. हा तुला मधेच ठेवता येणार नाही.

बातमी अशी, की तुझं मशीन चाललं. तेच, तू आणलेलं, दगडावर चेहरे कोरणारं लेझर, सहा वर्षं बटाट्यांच्या पोत्यांमागे पडून होतं ते. आणि चाललं म्हणजे काय चाललं रे.

मंगळवारी स्तानोय्का आजी दारात हजर. चौऱ्याऐंशी पूर्ण, पण जीभ तशीच. पुतण्याच्या ट्रॅक्टरवर तिच्या नवऱ्याचा दगड, थेट कबरीवरून काढून आणलेला. म्हणाली, "सहा वर्षं हा एकटा उभा आहे आणि दगडावर शेजारची माझी जागा रिकामी. बायका विचारतात, म्हाताऱ्याला सोडून दुसरीकडे निजणार आहेस का? कोर बाई मला, त्या सैतानाच्या पेटीनेच कोर."

बाबा म्हणाले, "मी सुईने टोचून काढतो."

"तुझ्या सुईला तीन महिने लागतील, मिलिसाव, आणि तुला दिसतंय कुठे आता? मला मरायच्या आधी बघायचंय."

बाबांनी अंगठ्यावरची पट्टी सारखी केली. खरंच आहे ते, दादा. हल्ली त्यांची सुई दगडापेक्षा अंगठ्यावरच जास्त बसते.

फोटो तिने आणला तो एकतिसाव्या वर्षीचा, कानात लोंबते डूल. दगडावर शेजारी नवरा सत्तरीचा. बाबा म्हणाले, "लोक म्हणतील बाप-लेक आहेत."

"म्हणू देत. त्याला मी अशीच आवडायचे."

तर मी मशीन झाडलं, पुसलं, जोडलं. तूच शिकवलं होतंस, काळ्या दगडावर किरण लागेल तिथे पांढरं उमटतं, म्हणून फोटो आधी उलटा करायचा, काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. मी तीनदा तपासलं, मग बटण दाबलं. दोन तास लागले. ओळीखाली ओळ, आधी भांग, मग भुवया. डोळे आले तेव्हा आजी तसूभरही हलली नाही. "ही माझ्याकडे बघतेय," एवढंच म्हणाली. मी ओल्या फडक्याने धूळ पुसली आणि डूल असे चमकले की काय सांगू. आजी रडली, मग राकियाचा पेला मागितला, मग तिने पुतण्यालाही रडायला लावलं. अर्धं गाव अंगणात जमलं होतं. आणि बाबांनी, आपल्या बाबांनी, त्या गालावरून हळूच अंगठा फिरवला. मला नाचावंसं वाटलं.

तेवढ्यात आजीने तुझं नाव काढलं, "मशीन एवढं गुणाचं आहे, तर त्या वेळी रादोशने माझं भूत कसं केलं?"

इथवर लिहून मी उठले, चुलीवरच्या मिरच्या उलटवल्या आणि परत बसले. आता लिहितेच.

सहा वर्षांपूर्वी त्या दिवशी तू आजीकडे दगडाच्या कडेला फुलांची पट्टी कशी हवी ते विचारायला गेला होतास. जाताना बजावलंस, फोटो अजून उलटा केलेला नाही, मी येईपर्यंत हात लावू नकोस. मला दाखवायचं होतं की मलाही येतं. मी फोटो तसाच सोडला. आजीच्या डोक्यावरचा काळा रुमाल पांढराफटक झाला, चेहरा काळा ठिक्कर, बुबुळं पांढरी. तेही त्याच दगडावर, जिथे बाबांनी तीन आठवडे सुईने टोचून तिचा नवरा काढला होता. तू आलास, माझ्या तोंडाकडे बघितलंस आणि बाबांना म्हणालास, "माझ्या हातून झालं."

मला वाटलं, संध्याकाळी सांगेन. संध्याकाळी बाबा म्हणाले, "माझ्या कबरीच्या दगडावर तुझं नाव लागणार नाही," आणि मी मूग गिळून सूप वाढत राहिले. सकाळच्या बसने तू गेलास, आणि बाबांनी ते भूत घासून ती जागा पुन्हा काळी केली.

मंगळवारी मी सगळ्यांसमोर सांगितलं, ते मी केलं होतं. आजी म्हणाली, "अगं बाई." बाबांनी हात धुतले आणि आत गेले. तीन दिवस एक शब्द नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

शुक्रवारी सकाळी अंगणात खरखर ऐकू आली. बाबांनी स्वतःसाठी राखून ठेवलेला काळा दगड मेजावर चढवला होता आणि खडूने लिहीत होते. त्यांचं नाव, जन्मसाल, एक आडवी रेघ, पुढे रिकामं. खाली लिहिलं होतं, "हा दगड उभा केला मुलगा रादोश आणि मुलगी ल्युबिंका यांनी." तुझं नाव आधी.

"चेहरा मशीनने करायचा," ते म्हणाले.

मी म्हटलं, मी करते.

"तू नाही. तो करेल. मी थांबतो, मला कुठे घाई आहे?"

मग दाढी केली, कोट घातला आणि शहरात जाऊन फोटो काढून आले. हसले नाहीत, पण टाय सरळ आहे.

दादा, मी भित्री होते. तुझं घर तुझ्यापासून मी तोडलं आणि सहा वर्षं त्याच घरात आरामात जेवले. मला माफ कर, हे फोनवर म्हणायची छाती नव्हती. रागव, पण इथे येऊन रागव.

अक्षरं अजून खडूचीच आहेत. कोंबड्या आहेत, वारा आहे, म्हणून मी वर दोन चादरी टाकल्या आहेत. तरी काल तुझ्या नावातलं शेवटचं अक्षर पुसलं गेलं. बाबांनी चष्मा लावला, गुडघा धरून वाकले आणि ते पुन्हा काढलं. रोज उठून आधी चादर उचलून बघतात.

मशीन जोडून ठेवलंय. फोटो अजून उलटा केलेला नाही.

तू येईपर्यंत कशालाही हात न लावणारी,
ल्युबिंका