बाबांच्या फोनची वॉरंटी

मंगळवार, ४ मार्च
फोन नापास! सात महिन्यांचा फोन, चार्ज होईना म्हणून दुकानात दिला. पंधरा दिवस बसवून ठेवलं आणि आज मेसेज: वॉरंटी लागू नाही, फोन रूट केलेला आहे. शिफ्ट संपली तशी थेट दुकानात. काउंटरवरचा माणूस अगदी थंडपणे म्हणे, कंपनीने आत घातलेलं कुलूप कोणीतरी उघडून सिस्टिममध्ये फेरफार केलेत. आता पैसे भरून दुरुस्त करा, नाहीतर तसाच न्या. वर "सॉरी अबाउट दॅट, मेट." मेट म्हणे! मी म्हटलं, हा फोन माझे चौऱ्याहत्तर वर्षांचे वडील वापरतात. सकाळी गुड मॉर्निंग पाठवतात आणि पंचांग बघतात. ते कुलूप तोडणार? तर म्हणे, "आय जस्ट रीड द रिपोर्ट."

घरी येऊन बाबांना सांगितलं. मला वाटलं हिरमुसतील. कसले हिरमुसतायत! आई गेल्यावर दीड वर्षापूर्वी त्यांना साताऱ्याहून इथे परदेशात, क्वेकर्स हिलला आणलं, तेव्हापासून इतके ताठ बसलेले पाहिले नव्हते. एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होते, ते सगळं अंगात आलं. "आपण काही केलंय का? नाही. मग कर नाही त्याला डर कशाला? कागद आण, मेधा."

गुरुवार, ६ मार्च
बाबांनी काल हाताने मसुदा लिहिला. "सदर उपकरणात आमच्याकडून कोणताही फेरफार झालेला नसून..." मी इंग्रजीत करून पाठवला. प्रत्येक ईमेलमध्ये त्यांचाही पत्ता हवा, हा हट्ट. "पत्रव्यवहार सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हवा." बरं.

कंपनीचं उत्तर चक्क त्याच दिवशी: घरातल्या कोणीही फेरफार केलेला नाही असं शपथेवर लिहून द्या. इथे त्याला स्टॅट डेक म्हणतात, केमिस्टसमोर सही केली तरी चालतं. आज लंचमध्ये वेस्टमीड स्टेशनजवळच्या केमिस्टकडे जाऊन करून आले. खोटं लिहिल्यास गुन्हा, असं खाली छापलेलं होतं. वाचलं आणि बेधडक सही ठोकली.

शनिवार, ८ मार्च
बाबांनी चहाबरोबर त्या कागदाची कॉपी मोठ्याने वाचली. दोनदा. समीर म्हणाला, "एवढं छातीठोक कशाला लिहून दिलंस? तुला काय माहीत कोणी केलं नाही ते?" नवरा असावा तर असा, समोरच्या पार्टीचा वकील! म्हटलं, कोण करणार, तू? त्याला स्वतःच्या फोनचं अपडेट जमत नाही.

बाबांनी जेवताना विचारलं, माझा फोन कुठाय. सांगितलं, दुरुस्तीला. अर्ध्या तासाने परत. मग तिसऱ्यांदा. ओरडले मी, "बाबा, किती वेळा सांगायचं?" मग वाईट वाटलं, पण तोवर ते खोलीत गेले होते.

बुधवार, १२ मार्च
सविस्तर रिपोर्ट आला. मीच भांडून मागवला होता ना! कुलूप उघडल्याची तारीख दिलीय: १६ नोव्हेंबर, दुपारी पावणेतीन. कुलूप उघडलं की फोन आपोआप पूर्ण कोरा होतो, असंही लिहिलंय.

कोरा. मागच्या वर्षीची वही काढली. माझंच अक्षर: "शनि. वीकेंड शिफ्ट. समीर क्रिकेटला. संध्याकाळी येते तर बाबांचा फोन कोरा. फोटो, नंबर, सगळं गेलं. इ. म्हणते अपडेटमुळे झालं. बसून नंबर तेवढे परत भरले."

इ. म्हणते. म्हणजे इरा. माझी लेक, पंधरा वर्षांची, घरात तेव्हा ती आणि बाबा दोघंच.

शाळेतून आली तशी धरली. खरं सांग. ती माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "फाइन. इट वॉज मी. हॅपी?" माझा तोल गेला. तुझ्यामुळे मी खोट्या शपथेवर सही केली, आजोबांचे आजीबरोबरचे फोटो तुझ्यामुळे गेले, लाज नाही वाटत... बरंच बोलले. ती रडली नाही. तिचा फोन काढून घेतला.

गुरुवार, १३ मार्च
बाबांना म्हटलं, तक्रार मागे घेते, इराने केलंय. आधी विश्वासच ठेवेनात. मग निरीक्षक जागा झाला: "कशासाठी केलं तिने? विचारलंस? हेतू सापडत नाही तोवर पोरीवर आळ घेऊ नकोस." हे बाबाच म्हणू जाणोत. आईने आणलेली भाजीसुद्धा घरी परत तोलून बघायचे.

पण खरंच विचारलं नव्हतं. गेले तिच्या खोलीत. का केलंस? "डझन्ट मॅटर." अगं, पण आजोबांच्या फोनशी तुला काय करायचं होतं? "मम, जस्ट लीव्ह इट." पाठ फिरवून झोपली. इराला खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून कान लाल होतात. काल माझं लक्षच नव्हतं कानांकडे.

शनिवार, १५ मार्च
बाबांच्या बीपीच्या गोळ्यांचं प्रिस्क्रिप्शन शोधत होते. त्यांच्या खणात एक निळी वही. उघडायला नको होती. उघडली.

"फोन रूट करणे – कृती." खाली मोत्यासारख्या अक्षरात नऊ पायऱ्या. "३. बिल्ड नंबर या ओळीवर सात वेळा दाबणे." "५. सर्व माहिती पुसली जाईल. फोटो इराने लॅपटॉपवर घेतले आहेत, खात्री करणे." आणि सगळ्यात वर, अधोरेखित: "उद्देश: कॉल रेकॉर्ड करणे. या फोनमध्ये तशी सोय नाही. मेधा दुपारी कामावरून फोन करून जे सांगते ते मागाहून पुन्हा ऐकता यावे. दोनदा विचारले की चिडते."

पलंगावर बसले. पान उलटलं. पुढच्या पानावर पुन्हा तेच, "फोन रूट करणे – कृती", आठवड्यानंतरची तारीख, तोच उद्देश, त्याच नऊ पायऱ्या. त्याच्या पुढच्या पानावर पुन्हा. तीन वेळा. प्रत्येक वेळी पहिल्यांदाच लिहितोय असं.

इराला बोलावून वही दाखवली. आता मात्र रडली. आजोबांनी विचारलं म्हणून तिने व्हिडिओ लावून दिला, केबल दिली. बाकी सगळं त्यांनीच केलं, किती खूश होते म्हणे. "देन नेक्स्ट वीक ही आस्क्ड मी अगेन. द एक्झॅक्ट सेम थिंग. ही हॅड नो आयडिया ही'ड ऑलरेडी डन इट." रेकॉर्डिंग होतात हेही ते विसरले होते. एकदाही ऐकली नाहीत.

मग तू स्वतःवर का घेतलंस गं?

"बिकॉज यू'ड येल ॲट हिम."

मला माझी इतकी लाज कधीच वाटली नव्हती. तिला जवळ घेतलं, सॉरी म्हटलं. फोन परत दिला. "फोटोज आर सेफ, बाय द वे," म्हणाली. आजीचे सगळे.

सोमवार, १७ मार्च
ग्राहकांना सल्ला देणाऱ्या हेल्पलाइनला फोन केला. बाई नीट बोलली. म्हणाली, फोन रूट केला म्हणजे सगळे हक्क गेले असं आपोआप होत नाही. बिघाड त्या फेरफारामुळे झाला की मुळातच होता, ते बघावं लागतं. चार्जिंगचा काय संबंध, हे त्यांना विचारा. म्हणजे पहिल्याच दिवशी "हो, केलाय रूट" म्हटलं असतं तरी भांडता आलं असतं! आम्ही मात्र मान ताठ करून शपथा घेत बसलो.

पण शपथेचं काय? ती म्हणाली, चूक लक्षात आली की लगेच लेखी दुरुस्त करा, गप्प बसू नका.

दुरुस्त करायचं म्हणजे लिहायचं: माझ्या वडिलांनी केलं. आणि ईमेलमध्ये बाबा आहेत. समीर म्हणाला, त्यांचा पत्ता काढून पाठव, त्यांना कळायची काय गरज? म्हटलं तर सोपं आहे. मला एवढंच हवंय की बाबांना हे असं कळू नये, परक्या कंपनीच्या ईमेलमधून, की त्यांना आठवत नाही. पण लपवलं तर डॉक्टरकडे काय सांगून नेऊ? नुसतं बीपी तपासायला चला म्हणून? ईमेल लिहून ठेवलाय. पाठवलेला नाही. दोनदा पत्ता काढला, दोनदा परत घातला.

मंगळवार, १८ मार्च
घरी येते तर बाबा कागद घेऊन दारातच. "कंपनी गप्प का बसलीय? आता मीच शपथेवर लिहून देतो. हे टाइप कर." वाचलं. "फोन सर्वस्वी माझ्या वापरात असून मी त्यात कोणताही फेरफार केलेला नाही. मी आयुष्यभर सरकारी सेवेत..."

लॅपटॉप उघडला. "मी" टाइप केलं आणि बोटं हलेनात. माझी सही नकळत खोटी झाली, ती झाली. त्यांची मी जाणूनबुजून कशी करू देऊ? आयुष्यभर ज्या माणसाने एका खोट्या शिक्क्यालाही माफी दिली नाही, त्यांच्याकडून?

वही आणून पुढ्यात ठेवली. "बाबा, हे बघा."

चष्मा पुसला, लावला. पहिलं पान. दुसरं. तिसरं. मग पुन्हा पहिलं. तारखा बोट ठेवून बघितल्या. नळ ठिबकत होता, तो बंद करायला मी उठले नाही. चष्मा काढून म्हणाले,

"अक्षर माझं आहे."

"आठवतंय का काही?"

"नाही." मग, "तीनदा लिहिलंय गं."

जेवले नाहीत. खोलीच्या दारात उभी राहून म्हटलं, बाबा, परत परत विचारा, मी नाही चिडणार. तर म्हणाले, "चिडशील. मीही माझ्या आईवर चिडायचो." आणि दिवा घालवला.

बुधवार, १९ मार्च
सकाळी इराच्या डोक्यावर हात ठेवून बाबा म्हणाले, "माझ्यासाठी बोलणी खाल्लीस. पुन्हा असं करायचं नाही." ती म्हणाली, "नो वरीज, आजोबा." कान लाल.

मग मी लिहून ठेवलेल्या ईमेलचं सांगितलं, त्यांचा पत्ता काढणार होते तेही, तर म्हणाले: "तुझं ते पत्र पाठव. माझा पत्ता काढू नकोस. आणि केमिस्ट किती वाजता उघडतो?"

काय करायचंय केमिस्टकडे? "चूक माझी, तर दुरुस्तीही माझ्या सहीने. तुझ्या एकटीच्या नावावर कशी राहील ती?" समजावलं, गरज नाही, माझंच पत्र पुरे. ऐकतील तर बाबा कसले. पत्र पाठवलं. उद्याची सुट्टी टाकली.

गुरुवार, २० मार्च
बाबा सकाळीच तयार: इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. कागद मीच छापला होता, मजकूर त्यांचा: फोनमधला फेरफार मी स्वतः केला, मुलीला त्याची कल्पना नव्हती, तिने सही केली ती सद्भावनेने.

आपल्या इथल्या शॉप्समधली केमिस्टबाई. तिने कागद वाचला, बाबांकडे बघून सावकाश विचारलं, "सर, डू यू अंडरस्टँड व्हॉट यू आर सायनिंग?" बाबा म्हणाले, "मॅडम, आय हॅव टेकन सच स्टेटमेंट्स फ्रॉम अदर्स फॉर थर्टी वन इयर्स." ती हसली. मग म्हणाली, "अँड इट्स ट्रू?"

बाबांनी पेन टेकवलं होतं, ते थांबलं. माझ्याकडे वळले. मराठीत, हळू आवाजात, जणू तिला कळेल म्हणून: "मेधा, मीच केलंय ना हे?"

"हो, बाबा."

"नक्की?"

"नक्की."

"येस, मॅडम," म्हणाले आणि सही केली. पूर्ण नाव, तारीख, नीट. मी तिथल्या सनस्क्रीनच्या बाटल्यांकडे बघत उभी राहिले, नाहीतर तिथेच रडले असते.

कंपनीला पाठवलंय. उत्तर आलेलं नाही. दुरुस्त करतील, नाही करतील, माझ्या त्या आधीच्या सहीवरून काही विचारतील, देव जाणे. डॉक्टरची वेळ पुढच्या बुधवारची मिळाली. गाडीत बसल्यावर बाबांना ते सांगून टाकलं, कशासाठी जायचं तेही, आडपडदा न ठेवता. मान हलवली. घराजवळच्या राउंडअबाउटला म्हणाले,

"बुधवारी तो डॉक्टर मला जे विचारेल, त्याची उत्तरं तुलाच द्यावी लागतील. असेल तेच सांग, मेधा. कमी नको, जास्त नको. मला आता तपासून बघता येणार नाही."