घंटी वाजवली होती

७ जानेवारी
आजपासून ऑफिसला सायकलने. डॉक्टरांनी माझ्या पोटाकडे बघून जो सुस्कारा सोडला, त्याचा याच्याशी संबंध नाही. कालव्याकाठी पालिकेने नवा मार्ग केलाय, पादचाऱ्यांचा आणि सायकलींचा मिळून एकच. शहरवार्ताहराने त्यावरून जायचं नाही तर कोणी? हिने विचारलं, पंक्चर काढता येतं का. सूर बरा नव्हता.

८ जानेवारी
पुलाच्या चढावर उतरलो ते पाणी बघायला. क्रीडापानवाला म्हणाला, पंडित, सायकल कुठंय, तुम्ही पळत आलात वाटतं. हसण्यावारी नेलं. दम होता तेवढा.

११ जानेवारी
मार्गावर अराजक. लोक हातात हात घालून आडवे चालतात, कुत्र्यांचे पट्टे इकडून तिकडे. पाटी स्वच्छ आहे : पादचाऱ्यांनी डाव्या कडेने चालावे, सायकलस्वाराने मागून घंटी वाजवावी व वेग चालण्याइतका कमी करावा. घंटीपर्यंत उत्तम. पुढचं बहुधा नवशिक्यांसाठी असावं.
संकल्प : या मार्गाला शिस्त लावणे.

१४ जानेवारी
सदरासाठी 'पथाचार' लिहिला. सूत्रमय. 'घण्टानादोत्तरं मार्गदानम्', म्हणजे घंटी झाली की वाट द्यावी. संपादकांनी संस्कृत काढलं आणि वेग कमी करण्याचं वाक्य घुसडलं. अभिरुचीचा प्रश्न आहे.

१९ जानेवारी
धक्का. सासरे उजव्या कडेने चालताना दिसले! सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडे असतात. दिवसभर खिडकी, संध्याकाळी या मार्गावर एक फेरी, एवढंच त्यांचं जग. पण माझ्या लेखाची शाई वाळायच्या आत, माझ्याच घरातून?
जेवताना विषय काढला. ते शांतपणे भाजी वाढून घेत राहिले. लग्नापासून हा माणूस माझं बोलणं कानाआड करत आलाय. मानी घराणं. ही म्हणाली, अहो, कितीदा सांगायचं, बाबांना उजव्या कानाने ऐकू येत नाही, डावीकडे बसून बोला. पण माझी खुर्ची पंख्याखाली आहे.

२३ जानेवारी
आज आवाज चढवून बोललो. सासरे म्हणाले, जावईबापू, उजव्या कडेने चाललं की सायकली माझ्या डाव्या अंगाने जातात, चाहूल लागते. मी म्हटलं, कान ही खाजगी बाब आहे, नियम सार्वजनिक. मग म्हणाले, बरं, पेपरात आलंय म्हणता तर चालतो डावीकडून.
विजय! ही ताट उचलून आत गेली. मूक संमती.

२६ जानेवारी
सासरे डाव्या कडेने चालतात. सारखी मान वळवून मागे बघतात. मानेला व्यायाम.

२९ जानेवारी, संध्याकाळी
किरकोळ प्रकार घडला. तटस्थपणे नोंदवतो. मी नियमानुसार उजवीकडून. पुढे एक पादचारी, डाव्या कडेने. घंटी वाजवली. दोनदा, स्पष्ट. पादचाऱ्याने मागे बघायला मान वळवली, तोल जाऊन तो माझ्या पुढ्यात आला. ब्रेक दाबला होता. पाठ ओळखीची वाटली होती, म्हणून तर दुसऱ्यांदा वाजवली.
सासरे होते.
माझा गुडघा खरचटला आहे.

३० जानेवारी
खुब्याचं हाड. ऑपरेशन झालं. चालण्याचं विचारलं तर सर्जन म्हणाले, आधी बसू तर देत.
हवालदार आला होता. सासऱ्यांनी सांगितलं, चूक माझी, मीच मध्ये आलो. सत्यप्रिय माणूस. हवालदाराने मला विचारलं, वेग किती होता. म्हटलं, घंटी वाजवली होती. त्याने पुन्हा विचारलं, वेग. म्हटलं, घंटी वाजवली होती.
ही माझ्याकडे बघत नाही. जागरणाने थकली असेल.

१९ फेब्रुवारी
सासरे घरी. खाट खिडकीशी. सर्जनच्या मते यापुढे खाट ते खुर्ची, तेही दोघांनी धरून. फेरीचा विषय कोणी काढला नाही. सासरे मला म्हणाले, जावईबापू, तुमचा गुडघा कसा आहे?
मी पेपर आणायला खाली गेलो.
सध्या बसने जातो. ऊन वाढलंय.

२४ फेब्रुवारी
सायकल पुसायला घेतली तर घंटी गायब. शहरातल्या भुरट्या चोऱ्यांवर सदर लिहावं म्हणून वर आलो. घंटी खाटेच्या दांड्याला बसवलेली. ही पाना पुसत होती. म्हणाली, बाबांच्या हाकेत आता जोर राहिला नाही, काही लागलं तर वाजवतील. मी म्हटलं, कल्पना चांगली आहे. ती म्हणाली, उद्यापासून माझी रजा संपली, दिवसा तुम्ही आहात.

२५ फेब्रुवारी, दुपारी
घरून काम. चोऱ्यांच्या लेखात एक वाक्य अडलं होतं. घंटी वाजली. म्हटलं, एवढं वाक्य होऊ दे. पुन्हा वाजली. दोनदा, स्पष्ट.
उठलो. खाटेपाशी जाऊन विचारलं, काय हवंय बाबा. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग खाटेला वळसा घालून डाव्या बाजूला गेलो आणि पुन्हा विचारलं.
म्हणाले, काही नको. तुम्हाला ऐकू येतं का, तेवढं बघत होतो.