बर्फावरचं आवतण

देहरादून,
९ नोव्हेंबर २०२५

ती. वेणूआत्या हिस,
प्राचीचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस. मी धडधाकट आहे, दातही सगळे जागेवर आहेत. मोहसीन सरांनी स्केटिंगच्या शिबिराच्या पहिल्याच दिवशी सगळ्यांचे फोन पत्र्याच्या पेटीत टाकून कुलूप लावलं. रविवारी घरी पाच मिनिटं बोलायला मिळतं, त्यातली चार मिनिटं आई रडते. म्हणून तुला पत्र. याआधीचं पत्र मी सहावीच्या मराठीच्या पेपरात लिहिलं होतं, तेव्हा चुका पोटात घाल.

आत्या, इथलं बर्फाचं रिंक तू पाहायला हवं होतंस. खारघरच्या सिमेंटवर चाकांचे बूट घालून शिकलेली मी, पहिल्यांदा बर्फावर उतरले तेव्हा कठड्याला धरून नुसती उभी राहिले. सकाळी मशीन फिरून गेलं की बर्फ इतका गुळगुळीत होतो की छताचे दिवे त्यात उलटे दिसतात. त्यावर पहिली रेघ आपण ओढावी म्हणून मी सगळ्यांच्या आधी जाते, आणि तिथे पोचले की पाऊल टाकायला मन होत नाही. मोहसीन सर आपल्या पनवेलचे, त्यांचा जन्म चाकांवर शिकवण्यात गेला. बर्फावर उतरताना ते अजूनही आवाज खाली आणतात आणि हळूच बिस्मिल्ला म्हणतात.

गेल्या वर्षीच्या स्पर्धेचं तुला ठाऊक आहे, तरी एकदा लिहून टाकते, कारण मी ते कुणाशी बोललेच नाही. माझं नाव पुकारलं, मी मधोमध जाऊन उभी राहिले, संगीत सुरू झालं आणि माझे पाय हललेच नाहीत. शेवटी पंचांनी संगीत बंद केलं. पप्पा समोरच बसले होते. परत पनवेलला उतरल्यावर म्हणाले, की अजून एकदा जा, पण पुन्हा अशी उभी राहिलीस तर बूट माळ्यावर जातील, आणि मी काही बघायला येणार नाही.

स्पर्धा ५ डिसेंबरला आहे. मला नंबर नको आहे आत्या. मला फक्त संगीत सुरू झाल्यावर पहिलं पाऊल टाकता यायला हवं. तू पाच-पाचशे माणसांपुढे लग्नाच्या मांडवात बसून धवला गातेस, तुझा आवाज कापलेला मी कधी ऐकला नाही. तू काय करतेस ते मला लिही. खरं लिही, शाळेतल्या सरांसारखं आत्मविश्वास वगैरे लिहू नकोस.

आईला सांग की मी जेवते. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
प्राची


तक्का, पनवेल,
१५ नोव्हेंबर २०२५

चि. प्राची हिला,
वेणूआत्याचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पोस्टमन दारात आला तेव्हा मला वाटलं सिडकोची जमिनीची नोटीसच आली. तुझं अक्षर बघून जिवात जीव आला, मग तेच अक्षर वाचता वाचता जीव पुन्हा गेला. 'ळ' असा काढतात होय गं?

आमच्या लेखी बर्फ म्हणजे मासळी बाजारात पापलेटाखाली ठेवतात तो. त्यावर माणूस धारेच्या पात्यावर उभं राहतं, गोल फिरतं, उडी मारून परत त्याच पात्यावर येतं, हे तुझ्या आईने मला मोबाईलमध्ये दाखवलं आणि मी पदराने तोंड झाकलं. आपल्या घरच्या बायकांनी मिठागरात चिखल तुडवला, गुडघाभर पाण्यात भात लावला. त्यांच्या वंशात हे कुठून आलं असेल, असं माझ्या मनात रोज येतं. खरं सांगू, मला तुझी थोडी भीतीच वाटायला लागली आहे.

आता तुझा प्रश्न. मला भीती वाटत नाही हे तुला कुणी सांगितलं? अडतीस वर्षं धवलारीण म्हणून लग्नं लावते आहे, आणि अजून मांडवात शिरण्याआधी भीतीने दाराशी रेंगाळते. पहिल्यांदा चिरनेरला गायला बसले, तेव्हा मी तुझ्यापेक्षा थोडीच मोठी असेन. तोंड उघडलं आणि आवाजच नाही. शेजारी माझी गुरू ठमाबाई बसली होती. ती माझ्या कानात म्हणाली, की घाई कसली करतंस, आदी पाव्हने तर येऊं दे, कोनी आलेला नाय अजून.

पाव्हणे म्हणजे खुर्च्यांवरचे नव्हेत. तुला ठाऊकच आहे, धवल्यात आम्ही आधी देवांना आवतण देतो. गावदेवीला, एकवीरा आईला, खंडोबाला. मग घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन बोलावतो, की लग्न आहे, या. ठमाबाईने मला शिकवलं ते एवढंच, की नाव घेतलं की थांबायचं. ते माणूस आलं, बसलं, असं वाटलं की मग पुढचं नाव. सगळे येऊन बसले की समोरची पाचशे तोंडं दिसेनाशी होतात आणि आपण घरच्यांपुढे गात असतो. तोवर नवरा थांबतो, भटजी थांबतो, मुहूर्तसुद्धा थांबतो. धवलारणीला घाई करायला कुणाची छाती नाही.

तूही तसंच कर. मधोमध उभी राहिलीस की आपल्या माणसांना बोलाव. गावदेवी, एकवीरा, खंडोबा, मग तुझे आजोबा कमळाकर, आजी सोनाबाई, आणि माझी ठमाबाई, तिला गंमत बघायला फार आवडायचं. सगळे आल्याशिवाय पाऊल हलवायचं नाही. मोहसीन सरांना यातलं काही सांगू नकोस, बाप्यांना अशा गोष्टी समजावत बसावं लागतं.

तुझ्या पप्पांची काळजी करू नकोस, निकेश माझा भाऊ आहे, मी बघते. थंडीत कान झाक. पत्र पाठवत जा, लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी आत्या,
वेणू


देहरादून,
२८ नोव्हेंबर २०२५

ती. वेणूआत्या हिस,
प्राचीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी चारदा वाचलं आणि 'ळ' दहादा गिरवला. हा बघ: ळ.

आत्या, ते खरंच जमलं! सोमवारी सरावात मी मधोमध उभी राहिले आणि मनातल्या मनात आवतण दिलं. आजोबांना बोलावलं तर ते डोक्यावरची टोपी सारखी करत कठड्याजवळ येऊन बसले, मला अगदी दिसले. ठमाबाईला मी कधी पाहिलं नाही, पण ती सगळ्यांत पुढे बसली असणार. मग मी हात वर केला, सरांनी संगीत लावलं आणि मी निघाले. पूर्ण कार्यक्रम! त्या दिवसापासून अकरा वेळा पूर्ण झाला आहे. सर म्हणाले की भीती गेली नाही, ती गुडघ्यात उतरली आहे, आता गुडघे मऊ ठेव म्हणजे ती बर्फात जाईल. मग हसून विचारलं, की ये तू उभी राहून क्या पढती है. मी सांगितलं नाही. आत्याची आज्ञा.

एक गोष्ट मात्र तुलाच सांगते. काल उडीवरून उतरले तेव्हा पात्याचा आवाज आलाच नाही. नेहमी खर्र होतं, काल काहीच नाही. मी घसरत इतकी लांब गेले की वाटलं, ही मी नाहीच, मला कुणीतरी नेतंय. थांबले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. आत्या, हे सगळ्यांना होतं का? गाताना तुला होतं का?

पप्पा रविवारी फोनवर आलेच नाहीत. आई म्हणाली, न्हावा शेव्याच्या बंदरात त्यांचा ट्रेलर अडकलाय. दर रविवारी अडकतो का गं? मला वाटतं ते अजून रागावलेत.

तुझी आठवण येते. अशीच लिहीत राहा.

तुझी,
प्राची


देहरादून,
६ डिसेंबर २०२५

ती. वेणूआत्या हिस,
सा. न. वि. वि.

फोन परत मिळाला आहे, पण हे फोनवर सांगता येणार नाही. आईने तुला निकाल सांगितला असेल. चौथी आले. आता खरं काय झालं ते वाच, आणि वाचताना खाली बसून वाच.

माझं नाव पुकारलं. मी मधोमध गेले. भीती आली, सर म्हणाले तसे गुडघे मऊ ठेवले. मी आवतण सुरू केलं. कुणालाच घाई केली नाही, तू सांगितलंस तसं. बाहेर कठड्याजवळ सर हातवारे करत होते, मला वाटलं धीर देताहेत. आत्या, ते घड्याळ दाखवत होते! नियम असा आहे की नाव पुकारल्यापासून तीस सेकंदांत आपण जागा घेऊन सुरुवातीच्या मुद्रेत यायचं. उशीर झाला तर एक गुण कापतात, आणि पूर्ण मिनिट गेलं तर बादच करतात. सरावात सर माझी मुद्रा झाल्यावरच संगीत लावायचे, त्यामुळे माझ्या डोक्यातून नियम साफ निघून गेला होता. मी एकेचाळीस सेकंद घेतले. एक गुण गेला. तिसऱ्या मुलीत आणि माझ्यात अर्ध्या गुणाचाही फरक नाही.

आधी खूप रडले, खोटं कशाला बोलू. सरांनी विचारलं की इतका वेळ काय करत होतीस, तेव्हा सगळं सांगून टाकलं. मला वाटलं ओरडतील. ते माझ्या बुटाची नाडी सोडवत म्हणाले, की बेटा, ते आले होते हे दिसत होतं. पुढच्या वेळी त्यांना बूट बांधतानाच बोलाव.

तुझी यादी मात्र एकोणतीस सेकंदांत संपली होती, नंतर रेकॉर्डिंगमध्ये मोजलं, तेव्हा पदक तुझ्यामुळे गेलं असं मनात आणू नकोस. ठमाबाईपर्यंत सगळे आले, बसले. मी हात उचलणार तेवढ्यात वाटलं की एक जागा रिकामी आहे. गेल्या वर्षी पप्पा बसले होते तशी, अगदी समोरची. जिवंत माणसाला असं आवतण देतात की नाही, मला माहीत नव्हतं. पण मी त्यांनाही बोलावलं आणि थांबले. ते यायला वेळ लागला. मग आले असं वाटलं, आणि मी हात वर केला.

त्यानंतरचं मला नीट सांगता येत नाही. एका उडीला हात टेकला, तो आठवतो. बाकी काही मी केलं असं वाटतच नाही. संगीत संपलं तेव्हा मी बरोबर मधोमध होते आणि इतकं शांत होतं की मला माझा श्वास ऐकू आला. मग टाळ्या सुरू झाल्या.

जिवंतांना बोलावणं चुकलं का, तेवढं लिही. पप्पांना यातलं काही सांगू नकोस.

तुझी,
प्राची


तक्का, पनवेल,
१२ डिसेंबर २०२५

चि. प्राची हिला,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

बसूनच वाचलं. वाचून झाल्यावरही बराच वेळ बसूनच होते. तुझ्या बर्फाला मुहूर्ताइतकाही धीर नाही हे मला कुठून कळणार? अडतीस वर्षं सगळा मांडव माझ्यासाठी थांबत आला, त्यामुळे जगात सगळीकडे थांबतात असं मी धरून चालले. तू काही म्हण, चूक माझी आहे, आणि ती मला जन्मभर टोचणार आहे.

आता इकडचं ऐक. त्या दिवशी करंजाड्याला लग्न होतं. निकेशनेच मला गाडीने सोडलं होतं. तुझी वेळ आली तेव्हा माझा धवला चालू होता. समोर त्याने तुझी स्पर्धा लावून फोन तांब्याला टेकून उभा केला होता, आणि माझं लक्ष कुठे असणार? तू आलीस, उभी राहिलीस. मी गाणं थांबवलं. माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं. नवरदेवाची आई माझ्याकडे बघत राहिली. तुझ्या ओठांची हालचाल दिसत होती, मी तुझ्याबरोबर नावं घेत होते.

निकेशला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला फक्त तू दिसलीस, पुन्हा तशीच उभी. थोडा वेळ त्याने बघितलं. मग म्हणाला, की माझ्याच्यान नाय बघवत, आणि फोन पालथा घालून मांडवाबाहेर निघून गेला. मी फोन उलटा केला तेव्हा तू निघाली होतीस.

पोरी, काय सांगू तुला. सगळ्या बायका त्या तांब्याभोवती गोळा झाल्या होत्या. तू एका पायावर वाकून मागे मागे गेलीस, तेव्हा मला तू आमच्या घरातली वाटलीच नाहीस. मी तुला न्हाऊ घातलंय, तुझ्या उवा काढल्यात, आणि मी नकळत हात जोडले होते. तू विचारलं होतंस ना, गाताना मला तसं होतं का, कुणीतरी नेतंय असं? होतं. आयुष्यात तीनदा झालं. तुला सोळाव्या वर्षी झालं.

आता एक गुन्हा कबूल करते. तुझं पत्र मी निकेशला दिलं. तू नको म्हणाली होतीस, पण हे त्याच्यापासून लपवायला मी काही दगड नाही. तो तुझं रेकॉर्डिंग रोज बघतो, मात्र सुरुवातीचं ते उभं राहणं बोटाने पुढे ढकलून. पत्र वाचल्यावर त्याने तो भाग पहिल्यांदा लावला. शेवटी शेवटी तुझे ओठ दोनदा मिटतात, 'पप्पा' म्हणताना मिटतात तसे. ते त्याने पुन्हा पुन्हा लावून बघितलं. मग माझ्याकडे कागद मागितला. मी म्हटलं याच कागदावर लिही, खाली जागा आहे.

जिवंतांना बोलावणं चुकत नाही. ते वेळेवर येत नाहीत, एवढंच. तुझ्या आत्याला विसरू नकोस.

तुझी,
वेणू


चि. प्राची,
अनेक आशीर्वाद. मला पत्र लिहिता येत नाही. तुझ्यावर मी कधीच रागावलो नव्हतो. चाळीस टनांचा कंटेनर घेऊन घाट उतरताना मी रस्त्यावरची नजर काढत नाही, तुला तिथे एकटी उभी बघितलं की नजर फिरवतो. तू मला बोलावत होतीस तेव्हा मी पाठ फिरवून गाडीपाशी उभा होतो. पुढच्या स्पर्धेला मी आधीच येऊन बसलेला असेन. माझ्यासाठी थांबू नकोस.

पप्पा